आवडती ऑपरेटिंग सिस्टीम सोडण्याची वेळ येते तेव्हा

ज्या ऑपरेटिंग सिस्टीमवर प्रोग्रामर वर्षानुवर्षे काम करतो, ती त्याच्या हातात बसलेली असते. शॉर्टकट बोटांना पाठ असतात, काही बिघडले तर कोणती लॉग फाइल उघडायची हे विचार न करता आठवते, आणि स्वतः लिहिलेल्या लहानसहान स्क्रिप्ट घरातल्या भांड्यांसारख्या जागच्या जागी असतात. अशी सिस्टीम सोडण्याचा निर्णय बहुतेकदा वैतागाच्या एखाद्या संध्याकाळी घेतला जातो, आणि म्हणूनच तो टिकत नाही. माणूस नव्या सिस्टीमवर जातो, जुना त्रास तिथेही भेटतो किंवा वेगळाच त्रास सुरू होतो, आणि सहा महिन्यांनी तो परत येतो. मी स्वतः बारा वर्षे लिनक्सवर काम केल्यानंतर मॅकवर गेलो आणि पुढे त्यातले निम्मे काम पुन्हा लिनक्सवर आणले. त्या ये-जा करण्यातून एक गोष्ट पक्की कळली: सोडण्याचे कारण नेमक्या शब्दांत लिहिता आले, तर कुठे जायचे, किती जायचे आणि मुळात जायचे का, हे तिन्ही प्रश्न बरेचसे सुटतात.

आधी अडथळ्यांची वही ठेवा

निर्णय घेण्यापूर्वी किमान तीन आठवडे एक साधी वही किंवा मजकूर फाइल ठेवावी. काम अडले की तारीख, काय करत होतो, काय अडले, किती मिनिटे गेली आणि ते दुरुस्त करणे कोणाच्या हातात आहे, एवढे लिहावे. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्यात 'लॅपटॉप बनवणारा', 'डेस्कटॉप', 'कंपनीचे धोरण', 'मी स्वतः' अशी वेगवेगळी उत्तरे येऊ लागली की सगळा दोष ऑपरेटिंग सिस्टीमचा नव्हता हे दिसू लागते.

माझ्या वहीत बहुतेक नोंदी दोनच गोष्टींच्या निघाल्या. झाकण मिटल्यावर लॅपटॉप खरोखर झोपत नसे आणि पिशवीतून गरम होऊनच बाहेर येई. आणि बाहेरचा मॉनिटर जोडला की एका पडद्यावर अक्षरे अवाढव्य, तर दुसऱ्यावर मुंगीएवढी दिसत. पहिल्या त्रासाचे मूळ मला फार उशिरा समजले. अनेक नव्या लॅपटॉपांमधून 'एस-३' ही जुनी, गाढ झोपेची अवस्था काढून टाकण्यात आली आहे आणि तिच्या जागी यंत्र अर्धवट जागे राहणारी अवस्था आली आहे. ती नीट चालण्यासाठी फर्मवेअर, प्रोसेसर आणि प्रत्येक ड्रायव्हर यांचे एकमेकांशी जुळावे लागते. लिनक्समध्ये 'सिस' फोल्डरातील 'पॉवर' या उपफोल्डरात 'मेम-स्लीप' नावाची फाइल असते; ती वाचल्यावर 'डीप' हा शब्द दिसला तर गाढ झोप उपलब्ध आहे, आणि फक्त 'एस-टू-आयडल' दिसले तर नाही. ही तपासणी दहा सेकंदांची आहे. ती आधी केली असती तर मी सिस्टीम न बदलता, ज्यावर लिनक्स नीट चालते अशी खात्री असलेला दुसरा लॅपटॉप घेतला असता. ज्यांच्या वहीत झोप, वायफाय, ब्लूटूथ, मॉनिटर आणि बॅटरी हेच शब्द पुन्हा पुन्हा येतात, त्यांना माझा आग्रहाचा सल्ला आहे की, आधी यंत्र बदलण्याचा विचार करावा.

कामाची सक्ती असेल तर तेवढेच हलवा

काही कारणांपुढे आवडीनिवडीला जागाच नसते. आयफोनचे ॲप तयार करून प्रकाशित करायचे असेल तर एक्सकोड हे ॲपलचे साधन लागते आणि एक्सकोड फक्त मॅकवर चालते. हिंजवडी किंवा ऐरोलीच्या कंपनीत परदेशी ग्राहकाचे काम करणाऱ्याला अनेकदा ग्राहकाने ठरवलेलाच लॅपटॉप मिळतो. त्यावरचे व्हीपीएन, सुरक्षेचे सॉफ्टवेअर आणि दूरस्थ नियंत्रण विंडोजसाठी किंवा मॅकसाठी बांधलेले असते, आणि तिथे दुसरी सिस्टीम टाकणे हा नियमभंग ठरतो. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांच्या बाबतीत डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन हेही असेच कारण होऊ शकते; टोकनाचा ड्रायव्हर आणि संकेतस्थळाला लागणारे स्वाक्षरीचे साहाय्यक सॉफ्टवेअर, ही दोन्ही आपल्या सिस्टीमवर चालतात का, हे शेवटच्या तारखेच्या बरेच आधी तपासून ठेवावे.

अशा सक्तीच्या वेळी सर्वसामान्य चूक एकच होते: एका कामासाठी माणूस सगळे घर हलवतो. ज्या कामासाठी दुसरी सिस्टीम लागते तेवढेच तिच्यावर न्यावे आणि बाकीचे काम जुन्या सिस्टीमवर, घरातल्या दुसऱ्या यंत्रावर किंवा दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने (सुरक्षित दूरस्थ जोडणीने) जोडून चालू ठेवावे. विंडोजवर जावे लागलेल्यांना २०१६ पासून विंडोजच्या आतच लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएलची सोय आहे, आणि २०२० पासून सर्वांना मिळालेल्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीत तर खरा लिनक्स कर्नेल (सिस्टीमचा गाभा) हलक्या आभासी यंत्रात चालतो. एक दक्षता मात्र घ्यावी. रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाच्या कोडचा साठा, सी ड्राइव्हवर ठेवून लिनक्सच्या बाजूने उघडली तर फाइलींचे काम अतिशय संथ होते आणि फाइल बदलल्याची सूचनाही पोहोचत नाही, त्यामुळे आपोआप पुन्हा बिल्ड करणारी साधने गप्प बसून राहतात. रिपॉझिटरी लिनक्सच्या स्वतःच्या होम फोल्डरात ठेवली की हे दोन्ही प्रश्न मिटतात.

सिस्टीमच बदलली असेल तर कोणता थर बदलला ते पाहा

आपण जागेवरच असतो आणि सिस्टीम आपल्यापासून दूर जाते, असेही घडते. हे कारण सर्वांत क्लेशदायक आहे, कारण त्यात विश्वास मोडलेला असतो. सेंटओएस ८ या लिनक्स वितरणाला (कर्नेल आणि प्रोग्राम एकत्र बांधलेल्या संचाला) २०२९ पर्यंत आधार मिळेल या भरवशावर अनेकांनी सर्व्हर उभे केले होते. ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झाले की तो आधार ३१ डिसेंबर २०२१ लाच संपेल. ओरॅकलने २०१० मध्ये सन ही कंपनी विकत घेतल्यावर त्याच वर्षी सनच्या ओपनसोलारिस या ऑपरेटिंग सिस्टीमचा खुला विकास थांबला, आणि तिच्यातले डीट्रेस हे तपासणीचे साधन व झेडएफएस ही फाइल सिस्टीम यांवर जीव असलेल्या प्रोग्रामरांना इल्युमॉस, फ्रीबीएसडी किंवा लिनक्स यांतून निवड करावी लागली. मॅकच्या कॅटालिना या आवृत्तीने २०१९ मध्ये ३२ बिटांचे सगळे प्रोग्राम चालवणे बंद केले. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप व तुलनेने नवा प्रोसेसर लागत असल्यामुळे उत्तम चालणारी कितीतरी यंत्रे दाराबाहेर राहिली.

अशा वेळी कोणता थर बदलला हे ओळखावे. २०११ मध्ये ग्नोम ३ हा नवा डेस्कटॉप आला आणि उबुंटू या लिनक्स वितरणाने युनिटी हा स्वतःचा डेस्कटॉप पुढे केला, तेव्हा अनेकांना वाटले की लिनक्सच सोडावे. वास्तविक बदलला होता तो डेस्कटॉपचा थर. कर्नेल, पॅकेज आणि टर्मिनल जागच्या जागी होते. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनीही त्या वर्षी ग्नोम ३ बद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली, पण ते गेले एक्सएफसीई या दुसऱ्या डेस्कटॉपवर, आणि पुढे एक्स्टेंशनांच्या मदतीने ग्नोमवर परतलेही. सेंटओएसच्या बाबतीत बदलला तो वितरणाचा थर, आणि त्यावर उतारा म्हणून २०२१ मध्ये रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स आले. दोन्हींनी जुना सर्व्हर जागच्या जागी वळवण्याच्या स्क्रिप्ट दिल्या, त्यामुळे नवी सिस्टीम शिकण्याची गरज पडली नाही. विंडोज १० च्या बाबतीत अडलेला थर यंत्राचा आहे. घरगुती वापरकर्त्यांना वाढीव सुरक्षा अद्यतने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात. निर्णय शांतपणे घेण्यासाठी हा अवधी वापरावा, प्रश्न पुढे ढकलण्यासाठी नव्हे. जो थर बदलला आहे तेवढाच बदलून काम भागत असेल, तर त्याखालचे काही हलवू नये.

आणखी एक कारण लोक मोकळेपणाने सांगत नाहीत, ते म्हणजे शरीर आणि वेळ. दृष्टी कमी होऊ लागलेल्या प्रोग्रामरला विंडोजवरचा मोफत एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर किंवा मॅकमधील व्हॉइसओव्हर आपल्या आवडत्या डेस्कटॉपपेक्षा अधिक महत्त्वाचा ठरू शकतो. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असताना रात्री दीड वाजता तुटलेला ग्राफिक्स ड्रायव्हर दुरुस्त करण्याची उमेद राहत नाही. हे कारण पूर्ण प्रतिष्ठेचे आहे आणि वहीत ते तसेच, लाज न बाळगता लिहावे.

एक खरा प्रकल्प आरपार चालवून पाहा

दुकानात दहा मिनिटे हाताळून सिस्टीम कळत नाही, आणि यूट्यूबवरच्या परीक्षणातून तर मुळीच नाही. मित्राचे यंत्र, आभासी यंत्र किंवा लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह यांपैकी जे मिळेल त्यावर आपला एक चालू प्रकल्प घ्यावा आणि क्लोन करण्यापासून चाचण्या, डीबगिंग आणि सर्व्हरवर चढवण्यापर्यंत पूर्ण चालवावा. जिथे थांबावे लागले ते त्याच वहीत लिहावे. या चाचणीत पुढील अडचणी हमखास निघतात, म्हणून त्या शोधूनच काढाव्यात.

लिनक्सवरून मॅकवर जाणाऱ्यांना पहिला धक्का फाइलींच्या नावांचा बसतो. मॅकची नेहमीची फाइल सिस्टीम मोठ्या आणि लहान रोमन अक्षरांत भेद करत नाही. त्यामुळे कोडमध्ये फाइलचे नाव मोठ्या अक्षराने आणि डिस्कवर लहान अक्षराने असले तरी मॅकवर सगळे सुरळीत चालते, आणि तोच कोड लिनक्स सर्व्हरवर गेला की फाइल सापडत नाही म्हणून कोसळतो. मॅकवर एपीएफएस या तिथल्या फाइल सिस्टीमचा वेगळा व्हॉल्यूम अक्षरभेद पाळणाऱ्या प्रकारात तयार करून रिपॉझिटरी त्यात ठेवावी. हा उपाय पाच मिनिटांचा आहे आणि पुढचे अनेक तास वाचवतो. दुसरा धक्का शेलच्या स्क्रिप्टांचा. मॅकबरोबर येणारे बॅश हे शेल अजूनही ३.२ या आवृत्तीचे आहे, त्यामुळे चौथ्या आवृत्तीपासून आलेले असोसिएटिव्ह ॲरे (नाव आणि मूल्य यांच्या जोड्या) त्यात चालत नाहीत. 'सेड' आणि 'डेट' या आज्ञा बीएसडी या युनिक्सच्या शाखेच्या घराण्यातल्या असल्यामुळे त्यांचे पर्यायही वेगळे आहेत. फाइल जागच्या जागी बदलणारा 'सेड'चा पर्याय तिथे जुन्या मजकुराच्या राखीव प्रतीच्या नावाला जोडायचा प्रत्यय मागतो, आणि तो दिला नाही की भलताच अर्थ लावला जातो. होमब्रू या सॉफ्टवेअर बसवण्याच्या साधनातून जीएनयूची (लिनक्सवर असतात ती) साधने आणि नवे बॅश बसवावे आणि स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत शेलचा पक्का मार्ग लिहिण्याऐवजी 'एन्व्ह'मार्फत शेल शोधावा.

नोव्हेंबर २०२० मध्ये एम-१ चिप आल्यापासून मॅकचा प्रोसेसर एआरएम घराण्याचा आहे, आणि सर्व्हर मात्र बहुतेक ठिकाणी इंटेल किंवा एएमडीचा असतो. मॅकवर बांधलेली कंटेनरची प्रतिमा (प्रोग्राम आणि त्याला लागणारे सगळे एकत्र बांधलेला संच) डीफॉल्टने एआरएमची होते. ती तशीच सर्व्हरवर चढवली तर सुरूच होत नाही. बांधतानाच प्लॅटफॉर्म स्पष्ट सांगावा, किंवा अंतिम प्रतिमा नेहमी सीआय सर्व्हरवरच (कोड आपोआप बांधून तपासणाऱ्या सर्व्हरवर) बांधावी. मी दुसरा मार्ग पसंत करतो, कारण त्यात कोणाच्या लॅपटॉपवर काय आहे याचा प्रश्नच उरत नाही.

विंडोजवर जाताना ओळीच्या शेवटच्या चिन्हांचा घोळ होतो. गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या, प्रत्येकाच्या वेगळ्या सेटिंगवर विसंबण्यापेक्षा रिपॉझिटरीतच 'गिटॲट्रिब्यूट्स' फाइल ठेवून कोणत्या फाइलींना कोणते चिन्ह, हे ठरवून टाकावे. 'ऑक्स', 'कॉन', 'नल' अशी काही नावे विंडोजने राखून ठेवलेली आहेत आणि फाइलच्या नावात विसर्गचिन्हासारखा कोलन चालत नाही. लिनक्सवर वर्षानुवर्षे सुखाने राहिलेली अशी एखादी फाइल असेल तर क्लोन अर्ध्यावर अडते.

मराठी मजकूर हलवताना

यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण इंग्रजीतल्या मार्गदर्शनात हे सहसा मिळत नाही आणि मराठीत काम करणाऱ्याचे सर्वांत मोठे नुकसान इथेच होते. 'दुसऱ्या', 'कोऱ्या', 'वाऱ्यावर' या शब्दांतला रफारासारखा न दिसणारा, आडवा र युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिलेला सापडतो. एका प्रकारात 'ऱ' हे एकच स्वतंत्र चिन्ह आणि पुढे हलन्त असतो. दुसऱ्यात साधा र, त्याखाली नुक्ता (टिंब) आणि मग हलन्त. तिसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचे जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही शब्द सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते तीन वेगळे शब्द आहेत. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल सिस्टीम फाइलींच्या नावांतली चिन्हे सुट्या भागांत विलग करून साठवत असे, त्यामुळे पहिल्या प्रकाराने दिलेले नाव तिच्यात दुसऱ्या प्रकाराचे होऊन बसे. नवी एपीएफएस नाव जसे दिले तसे जपते, तरी जुन्या डिस्कवरून आलेल्या फाइली तशाच विलग नावांनी येतात. अशा डिस्कवरून लिनक्सवर प्रत केली की एकाच नावाच्या दोन फाइली दिसू लागतात, किंवा प्रोग्रामला डोळ्यांसमोरची फाइल सापडत नाही. गिटमध्ये मॅकसाठी 'प्रीकंपोज युनिकोड' ही सेटिंग याच कारणासाठी आहे.

उपाय असा: सिस्टीम सोडण्यापूर्वी पायथनमधील 'युनिकोडडेटा' हे मॉड्यूल वापरून सर्व फाइलींची नावे आणि डेटाबेसमधील मराठी मजकूर एनएफसी (शक्य तिथे एकसंध चिन्हे वापरणाऱ्या) रूपात आणावा. त्याने पहिले दोन प्रकार एक होतात. तिसरा प्रकार त्याने बदलत नाही; त्यासाठी र, हलन्त आणि जोडचिन्ह ही तिकडी शोधून तिच्या जागी ऱ आणि हलन्त घालण्याची वेगळी ओळ लिहावी लागते. हे काम प्रतीवर करावे आणि आधी व नंतर नोंदींची संख्या मोजून जुळवावी.

टंकलेखनाची पद्धतही आधीच ठरवावी. इनस्क्रिप्ट हा प्रमाण कळफलक तिन्ही सिस्टीमवर उपलब्ध आहे, आणि त्यात ऱ साठी स्वतंत्र कळ असल्यामुळे वर सांगितलेला घोळ मुळातच कमी होतो. ज्यांना उच्चारानुसारी टंकन हवे त्यांना लिनक्सवर आयबसबरोबर एम-१७-एन, विंडोज १० च्या २०१९ मधील अद्यतनापासून मराठी फोनेटिक आणि मॅकवर देवनागरी क्वर्टी असे पर्याय आहेत. पण या तिघांच्या कळा एकमेकांशी जुळत नाहीत, आणि वेग परत यायला काही आठवडे लागतात. ज्यांना पुढेही सिस्टीम बदलावी लागण्याची शक्यता वाटते, त्यांनी एकदाच इनस्क्रिप्ट शिकून घ्यावे असे मला मनापासून वाटते. विंडोज सोडणाऱ्यांनी श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांतील कागदपत्रे तिथे असतानाच युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावीत. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर त्या फाइलीत नुसती रोमन अक्षरांची जंत्री दिसते, आणि मूळ सॉफ्टवेअर हाताशी नसताना ती सोडवणे फार जिकिरीचे होते.

प्रत्यक्ष स्थलांतर

बसवलेल्या सॉफ्टवेअरची यादी हाताने लिहू नये. डेबियन आणि उबुंटूवर एपीटी, मॅकवर होमब्रू आणि विंडोजवर विंगेट ही साधने ती यादी फाइलीत काढून देतात. ती नव्या सिस्टीमवर जशीच्या तशी चालणार नाही, पण काय काय होते याची आठवण म्हणून ती अमूल्य असते. एसएसएच आणि जीपीजी (एन्क्रिप्शनचे साधन) यांच्या खासगी किल्ल्या एन्क्रिप्ट केलेल्या संग्रहात न्याव्यात. एक्सफॅट पेनड्राइव्हवरून नेल्यास फाइलींच्या परवानग्या आणि सिमलिंक गळून पडतात, म्हणून सगळे आधी टार फाइलीत बांधावे; नव्या ठिकाणी खासगी किल्ली फक्त मालकालाच वाचता येईल अशी परवानगी दिली नाही, तर एसएसएच ती वापरायला नकार देते. दोन टप्प्यांच्या लॉगिनसाठी जे ॲप त्या संगणकावरच असेल, त्याचे पर्यायी कोड कागदावर उतरवून ठेवावेत.

एकाच यंत्रावर दोन्ही सिस्टीम ठेवणाऱ्यांनी फर्मवेअरमधील सिक्युअर बूट किंवा टीपीएमच्या सेटिंगला हात लावण्यापूर्वी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) ४८ अंकी रिकव्हरी की दुसरीकडे लिहून घ्यावी. विंडोजचे फास्ट स्टार्टअप बंद करावे, नाहीतर बंद केलेले विंडोज खरे तर अर्धे झोपलेले असते आणि त्याच्या विभाजनावर लिनक्सला लिहिता येत नाही. सिस्टीम बदलली की घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी चुकत असेल, तर घाबरू नये. विंडोज यंत्राच्या घड्याळात स्थानिक वेळ धरते आणि लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), एवढेच त्याचे कारण. दोहोंपैकी एकाची सेटिंग बदलली की ते थांबते.

जुनी डिस्क लगेच पुसू नये. मी ती काढून, तारीख लिहून, कपाटात ठेवली होती आणि तिची गरज तिसऱ्या महिन्यात पडली, एका ग्राहकाच्या जुन्या सर्टिफिकेटसाठी, जे होम फोल्डरात नव्हते आणि म्हणून कुठल्याच प्रतीत आले नव्हते. वर्षातून एकदाच करायची कामे असतात, जसे विवरणपत्र भरणे, सर्टिफिकेटचे नूतनीकरण आणि डोमेनचे हिशेब. ती सगळी नव्या सिस्टीमवर एकदा पार पडेपर्यंत जुनी डिस्क तशीच ठेवावी, आणि त्यानंतर तिच्यावरचा डेटा सुरक्षितपणे पुसून ती दुसऱ्या कामाला घ्यावी.